नवजात बाळाच्या अंगावरची गाठ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : दोन दिवसांच्या मुलीला माकडहाडापाशी लिंबाएवढी गाठ आहे. दूध नीट पिते, शी-शू व्यवस्थित आहे. तीन-चार महिन्यांनी, वजन वाढल्यावर ऑपरेशन केलं तर चालेल का?

एवढं थांबू नका. या जागेवर सगळ्यात आधी विचार करायचा तो सॅक्रोकॉक्सीजियल टेराटोमाचा, म्हणजे माकडहाडापाशी जन्मतःच असणाऱ्या, वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींच्या गाठीचा. साधारण ३५ ते ४० हजार जन्मांमागे एक, आणि मुलींमध्ये मुलांच्या तिप्पट-चौपट. जन्मतः यातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. मात्र दोन महिन्यांचं वय उलटलं की कर्करोगाचं प्रमाण झपाट्याने वाढतं. त्यामुळे बाळ स्थिर असेल तर पहिल्या काही दिवसांतच गाठ काढावी.

आधी तिचा आतला पसारा कळायला हवा. बाहेर छोटी दिसणारी गाठ ओटीपोटात, कधी त्याहून वरपर्यंत गेलेली असते. पूर्णपणे आतच असलेली गाठ तर बद्धकोष्ठ किंवा लघवी अडेपर्यंत लक्षातच येत नाही. म्हणून गुदद्वारातून बोटाने तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि एमआरआय. गाठ दाबल्यावर डोक्यावरची टाळू फुगत असेल, तर ती मज्जारज्जूच्या आवरणाची पिशवी असू शकते आणि मग ऑपरेशनच वेगळं.

ऑपरेशनमध्ये बाळाला पालथं झोपवून उलट्या ‘व्ही’सारखा छेद घेतात. गाठीला मुख्य रक्तपुरवठा त्रिकास्थीसमोरून (माकडहाडाच्या वरच्या हाडासमोरून) उतरणाऱ्या धमनीचा असतो. ती लवकर बांधणं फार महत्त्वाचं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम २५० मिली रक्त असतं, त्यामुळे ५० मिली गेलं तरी तो मोठा रक्तस्राव. जुळवलेलं रक्त आधीच तयार हवं. गाठ ओटीपोटात बरीच वर गेली असेल तर पोट उघडून आधी ती धमनी बांधतात.

माकडहाड गाठीसोबत एकसंध काढलंच पाहिजे. ते मागे राहिलं तर गाठ पुन्हा होण्याचा धोका कितीतरी वाढतो. माकडहाड नसल्याने मुलीच्या बसण्या-चालण्यात काही अडेल, ही भीती मनातून काढून टाका. शेवटी गुदाशयामागचे स्नायू पुन्हा जागच्या जागी शिवतात. शौचावरचा ताबा त्यावर बराच अवलंबून असतो.

प्रश्न : अशीच गाठ काढल्यावर बाळाचं ‘एएफपी’ हजारांत आलं. आजार परत आला का?

एएफपी म्हणजे अल्फा फिटोप्रोटीन, अशा गाठी परतल्या का हे पाहण्यासाठी रक्तात मोजलं जाणारं प्रथिन. एका आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. निरोगी नवजात बाळाचं अल्फा फिटोप्रोटीनही हजारांत असतं आणि प्रौढांच्या पातळीला यायला आठ-नऊ महिने लागतात. लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा बहुधा मोठ्या माणसांची असते. बघायचं ते उतरण. आकडा घसरत असेल तर ठीक. उतरता उतरता थांबला किंवा चढला, तर लगेच एमआरआय. किमान तीन वर्षं दर तीन महिन्यांनी रक्त आणि गुदद्वाराची तपासणी चुकवू नका. गाठ ‘साधी’ होती म्हणून ही तपासणी सोडणं आम्हाला मुळीच मान्य नाही.

प्रश्न : नाकाच्या मुळाशी मऊ फुगवटा आहे. सुई घालून तपासू, असं सुचवलंय.

एमआरआय होईपर्यंत सुई नको, बायोप्सीही नको. मेंदूचं आवरण किंवा मेंदूचा भाग कवटीच्या फटीतून खाली उतरलेला असू शकतो. सुईने मेंदूभोवतीचं पाणी गळू लागतं आणि मेंदुज्वर होतो. असा फुगवटा बहुधा निळसर, दाबता येणारा आणि रडताना फुगणारा असतो. टणक, न फुगणारी गाठ ग्लायोमा (मेंदूतल्यासारख्या पेशींची गाठ) असू शकते, पण तिचाही देठ कधी कधी आत मेंदूपर्यंत जातो. नाकाच्या आत गाठ असेल तर दुधाची नळी नाकातून नव्हे, तोंडातून घालायला सांगा. नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. श्वास अडत असेल किंवा नाकातून पाणी येत असेल तर थांबायला वेळ नाही.

प्रश्न : मानेच्या बाजूची गाठ टॉर्च लावली की उजळते. कापावीच लागेल?

बहुधा लसिकावाहिन्यांची (शरीरातला लसिका नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांची) गाठ. डॉपलर सोनोग्राफीत (रक्तप्रवाहही दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) मोठ्या पोकळ्या दिसल्या तर पाणी काढून आत औषध भरणं हा चांगला पहिला मार्ग. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावं लागू शकतं. औषधानंतर काही दिवस सूज वाढते, म्हणून श्वासनलिकेजवळच्या गाठीत बाळाला देखरेखीखालीच ठेवावं. बारीक पोकळ्यांच्या गाठीत हा उपाय कमी लागू पडतो, आणि ती चेहऱ्याच्या व जिभेच्या नसांना चिकटलेली असते. पूर्ण काढण्याच्या हट्टात नस कापली जाण्यापेक्षा थोडी गाठ मागे राहिलेली परवडते. गाठ एकाएकी वाढली तर आत रक्तस्राव किंवा संसर्ग झालाय. श्वासाला आवाज येत असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

प्रश्न : वरच्या हिरडीला लोंबणारी गुलाबी गाठ, दूध ओढता येत नाही.

जन्मजात एप्युलिस, म्हणजे हिरडीवरची कर्करोगाची नसलेली गाठ असावी. तीही मुलींमध्ये जास्त. भूल देऊन देठाशी कापली की झालं. थोडी राहिली तरी सहसा वाढत नाही, म्हणून खोल कापू नये: खालीच दुधाच्या दातांचे अंकुर असतात.