फ्रँकलिन राज्य का बुडालं? मतांपेक्षा जमिनीकडे बघा

फ्रँकलिन म्हणजे आजच्या पूर्व टेनेसीत वसाहतवाल्यांनी काढलेलं, पण अमेरिकेत कधीच सामील न झालेलं राज्य. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये (राज्यांच्या संयुक्त सभेत) प्रवेशासाठी दोन मतं कमी पडली म्हणून ते बुडालं का, असं तुम्ही विचारलंय. मे १७८५ मध्ये ७ राज्यांनी बाजूने कौल दिला, हवी होती ९, हे खरंच. पण माझ्या मते खरं दुखणं जमिनीचं होतं.

नॉर्थ कॅरोलिनाने १७८३ मध्ये ॲपलाचियन डोंगरापलीकडची जमीन विकायला काढली, त्यात चेरोकी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचीही. पुढच्याच वर्षी तो सगळा मुलूख काँग्रेसला देऊ केला. आपल्याला आता वाली नाही, म्हणून तिथल्या वसाहतवाल्यांनी जोन्सबरोला सभा भरवून वेगळं राज्य काढलं. नॉर्थ कॅरोलिनाने देणगी मागे घेतली तरी ते हटले नाहीत. जॉन सेव्हियर गव्हर्नर झाला. राज्याला ज्यांचं नाव दिलं त्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी मात्र गोड शब्दांत हात वर केले.

रोकड नव्हती, म्हणून कर मालात भरायचा: बीव्हर-कोल्ह्याची कातडी, मेण, ब्रँडी, तंबाखू. मुलूख एक, पण नॉर्थ कॅरोलिना आणि फ्रँकलिन दोघांचाही दावा, म्हणून कोर्टं दोन आणि शेरीफही (पोलीस अधिकारी) दोन. फेब्रुवारी १७८८ मध्ये जप्तीत धरलेले सेव्हियरचे गुलाम नॉर्थ कॅरोलिनाच्या बाजूच्या जॉन टिप्टनच्या शेतावर नेऊन ठेवले. सेव्हियरने माणसं जमवून टिप्टनच्या घराला वेढा घातला. बर्फात चकमक झाली, काहीजण मेले आणि सेव्हियरला माघार घ्यावी लागली. फ्रँकलिनचा जोर तिथेच सरला.

या दोघांच्या वैरावरच बरेच लोक थांबतात. पण चेरोकींची जमीन घ्यावी की नाही, हा वाद दोन्ही सरकारांत नव्हताच. कागद कोणाच्या सहीने व्हायचे, एवढाच होता. फ्रँकलिनने १७८५ मध्ये डंपलिन क्रीकला काही चेरोकी प्रमुखांकडून जमीन लिहून घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात काँग्रेसने होपवेलला चेरोकींशी तह करून हद्द ठरवली आणि तिच्यानुसार फ्रँकलिनची राजधानी ग्रीनव्हिलच चेरोकींच्या हद्दीत गेली! काँग्रेसच्या तहाप्रमाणे जी जमीन दुसऱ्याची, तिच्यावर उभ्या राज्याला तीच काँग्रेस मान्यता कशी देणार? १७८८ मध्ये सलोख्याची भाषा करणारे चेरोकी प्रमुख ओल्ड टॅसल पांढऱ्या निशाणाखाली बोलणी करायला आले आणि सेव्हियरच्या फौजेतल्या माणसाने त्यांना ठार मारलं. याला स्वातंत्र्यलढा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सेव्हियरला अटक झाली, तो निसटला, माफीही मिळाली. १७९६ मध्ये टेनेसी १६वं राज्य झालं, तेव्हा पहिला गव्हर्नर तोच. पुढचं वाचायला घ्याल तेव्हा होपवेलची हद्द आधी नकाशावर आखून घ्या. फ्रँकलिनचे निम्मे ठराव त्या रेषेमुळेच उलगडतात.