व्हिडिओ मध्येच थांबवा

प्रश्न : मी दुसरीला शिकवते. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून व्हिडिओ दाखवते. मुलं रमतात, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर गप्प. माझं काय चुकतंय?
– एक शिक्षिका, अकोले

उत्तर : ताई, चुकत काही नाही, फक्त व्हिडिओ शेवटपर्यंत चालू देऊ नका. परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा क्यूआर कोडचं खूप कौतुक झालं. ते रास्तच होतं. पण कोडच्या पलीकडचं काम आपल्यालाच करावं लागतं.

बी रुजण्याचा व्हिडिओ मी मध्येच थांबवला आणि विचारलं, "आधी काय बाहेर येईल, पान की मूळ?" सगळा वर्ग म्हणाला, पान! मागे बसणारी एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, "मूळ. आजी मटकीला मोड आणते ना, तेव्हा पांढरं शेपूट येतं." तोवर ती वर्गात कधीच बोलली नव्हती.

मग करवंटीत ओल्या कापसावर मूग ठेवले. रोज परिपाठानंतर एका मुलाने माझ्या मोबाइलवर फोटो काढायचा, त्याच जागेवरून. सातव्या दिवशी ते फोटो ओळीने टीव्हीवर लावले. वाकलेली मान वर करून कोंब उभा राहिला तशी मुलंही उभी राहिली, आणि सांगायला एकदम वीस तोंडं!

वीज नसेल त्या दिवशी टीव्ही बंद राहील, राहू दे. करवंटी खिडकीत असतेच.