मुलगा अमेरिकेतल्या खेड्यात, खटला शोधायचा कुठे?

प्रश्न: वकीलताई, सा. न. वि. वि. भाचीसाठी स्थळ आलंय. मुलगा मूळचा ग्वाल्हेरचा, 2019 पासून अमेरिकेत. विस्कॉन्सिन राज्यात बफेलो काउंटी म्हणून अगदी खेडवळ भाग आहे, तिथे दुधाच्या प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. मध्यस्थांकडून कानावर आलं की त्याच्यावर ‘फेलनी’ आहे. मुलाला विचारलं तर म्हणाला, गाडीचं एक प्रकरण झालं होतं, दंड भरला, मिटलं. मी एका वेबसाइटवर 30 डॉलर भरून रिपोर्ट काढला. त्यात त्याचं नाव आहे, ‘फेलनी’ लिहिलंय आणि जन्मतारीखही जुळते: 07-04-1994. पत्रिकेत 7 एप्रिल 1994 आहे. आता नकार कळवून टाकू ना?
– एक मामा, रामबाग, इंदूर

उत्तर: मामा (भाचीचे मामा, म्हणून मीही मामाच म्हणते), नकार कळवायच्या आधी तुम्ही सोबत जोडलेलं ते प्रिंट पुन्हा हातात घ्या. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग तारीख. 07-04-1994 म्हणजे तिथे 4 जुलै. तुमच्या मुलाची तारीख तिथल्या रीतीने 04-07-1994 अशी आली असती. शिवाय गाव लिहिलंय मिल्वॉकी, म्हणजे राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि आडनाव असं की इंदुरात दर गल्लीत दोन सापडतील. तुम्ही बहुतेक दुसऱ्याच माणसाचा खटला विकत घेतलाय.

मी हे इतक्या ठामपणे सांगते कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. वकिलीच्या पहिल्या वर्षी एका पक्षकाराने असंच, सोयरीक ठरवायच्या आधी चौकशी करायला सांगितलं. तहसिलीच्या एका कोर्टात जाऊन बाबूच्या मिनतवाऱ्या करून मी लाल फडक्यातला बस्ता सोडवला. नाव सापडलं, मारहाणीची शिक्षाही सापडली, आणि मी खुशीत परत आले. ‘वल्द’च्या पुढे काय लिहिलंय ते वाचलंच नाही. शिक्षा झालेला होता शेजारच्या गावातला, बापाचं नाव वेगळं. सोयरीक मोडली ती मोडलीच. तेव्हापासून मी नावाआधी बापाचं नाव वाचते.

आता खरं कसं बघायचं ते. आपल्याकडे जसं जिल्हा न्यायालय, तसं तिथे काउंटीचं सर्किट कोर्ट, आणि फाइल सांभाळणारी व्यक्ती म्हणजे क्लर्क ऑफ सर्किट कोर्ट. फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा; विस्कॉन्सिनमध्ये ज्यासाठी राज्याच्या कारागृहात पाठवता येतं तो. बफेलो काउंटीची वस्ती 2020च्या जनगणनेत 13 हजारांच्या आसपास होती, कोर्ट मिसिसिपी नदीकाठच्या अल्मा या गावात आहे. इतक्या लहान जागी वेगळा न्यायाधीश परवडत नाही, म्हणून शेजारच्या पेपिन काउंटीबरोबर वाटून घेतात. पण फाइली वाटून घेत नाहीत हं, ज्या काउंटीतला खटला त्याच काउंटीच्या क्लर्ककडे कागद.

अल्माला जायची गरज नाही. विस्कॉन्सिनच्या 72ही काउंट्यांचे खटले राज्याच्या कोर्टाच्या एकाच साइटवर फुकट दिसतात. विस्कॉन्सिन सर्किट कोर्ट ॲक्सेस हे तिचं नाव, तिथले लोक ‘सीकॅप’ म्हणतात. आडनाव, नाव टाका, काउंटीची जागा रिकामी ठेवा म्हणजे सगळं राज्य शोधलं जाईल. आडनावाचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा. आपल्या आडनावांत एखादा ‘ए’ कुठेही घुसतो.

यादी आली की खटल्याच्या क्रमांकातली दोन अक्षरं बघा. सीएफ म्हणजे फेलनी, सीएम म्हणजे किरकोळ गुन्हा, सीटी म्हणजे वाहतुकीचा पण फौजदारी, आणि टीआर म्हणजे वाहतुकीचा नुसता दंड. मध्यस्थांचं ‘फेलनी’ आणि मुलाचं ‘गाडीचं प्रकरण’ यांचा निकाल इथेच लागण्याची शक्यता आहे. विस्कॉन्सिनची एक गंमत सांगते: दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला प्रसंग तिथे साधारणपणे गुन्हाच धरत नाहीत, दंड होतो आणि लायसन्स काही काळ जातं. (गाडीत सोळा वर्षांखालचं मूल असेल तर गोष्ट वेगळी.) फेलनी होते ती चौथ्या वेळी. त्यामुळे टीआर दिसलं तर मुलगा खरं बोललाय. दारूचं विचारायचं का, ते तुम्ही ठरवा. मी असते तर विचारलं असतं.

सीएफ दिसलं तरी लगेच फोन फिरवू नका. क्रमांक खटला दाखल होतानाच पडतो. पुढे सरकारी वकिलाने आरोप हलका करून किरकोळ गुन्ह्यावर आणला तरी क्रमांकात सीएफच राहतं. म्हणून खाली उतरा, प्रत्येक आरोपापुढे निकाल काय लिहिलाय तो बघा. तिथे एक फसवी ओळ असते: ‘डिसमिस्ड बट रेड इन’. पहिला शब्द वाचून माणूस सुटकेचा श्वास टाकतो. प्रत्यक्षात तो आरोप काढून टाकलेला असला तरी दुसऱ्या आरोपाची शिक्षा ठरवताना न्यायाधीशाने तो जमेस धरलेला असतो. नुसतं ‘डिसमिस्ड’ असेल तर मात्र तो आरोप तिथेच संपला.

शंका राहिलीच तर क्लर्ककडून मूळ तक्रारीची प्रत मागवा. पहिल्या पानावर सहसा आरोपीची पूर्ण जन्मतारीख असते. पानाला सव्वा डॉलर पडतो, आणि खटल्याचा क्रमांक तुम्ही दिला नाहीत तर शोधण्याचे 5 डॉलर वेगळे. तेव्हा सीकॅपवरून क्रमांक उतरवून ठेवा. फोन करायचा असेल तर इंदुरात हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातनंतर, उन्हाळ्यात साडेसहानंतर. तेव्हा तिथे सकाळचे आठ वाजतात. लहान काउंटीत फोन उचलणारी बाईच बहुधा फाइल काढणारी असते, आणि घाई नसेल तर नीट सांगते, असा माझा अनुभव आहे.

सीकॅपवर न दिसणारंही असतं. अमली पदार्थांचे किंवा व्हिसाच्या फसवणुकीचे केंद्र सरकारचे खटले वेगळ्या फेडरल कोर्टात चालतात, त्यांची साइट पेसर. तिथे पानाला 10 सेंट लागतात, पण तीन महिन्यांत बिल 30 डॉलरच्या आत राहिलं तर माफ. आणि मुलगा आधी मिनेसोटात किंवा आयोवात राहिला असेल तर त्या राज्याचं वेगळं शोधा. सगळ्या अमेरिकेची एकच यादी सामान्य माणसाला उघडी नाही. तुमच्या 30 डॉलरवाल्यांनी तीच असल्याचा आव आणला होता. त्यांच्या रिपोर्टात खटल्याचा क्रमांक सुद्धा नाही, तेव्हाच मला वास आला.

ताजा कलम म्हणून तुम्ही विचारलंय, 2019च्या आधीचं ग्वाल्हेरचं काय? ई-कोर्ट्सच्या साइटवर मध्य प्रदेश, ग्वाल्हेर निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. वर्ष मात्र एकेक करून टाकावं लागतं, आणि प्रलंबित व निकाली दोन्ही बघा. सीएनआर, म्हणजे प्रत्येक खटल्याचा स्वतःचा सोळा अंकी-अक्षरी नंबर, मिळाला की पुढचं सोपं. प्रत हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करू नका, कोर्टाच्या नकल शाखेतच कारण लिहून अर्ज द्या. कारणात ‘सोयरीक’ लिहू नका, बाबू हसतात. आणि तिथेही ‘वल्द’ वाचा.