मतदारसंघनिहाय इलेक्टोरल मतं वाटायला माझा विरोध का आहे

मेन आणि नेब्रास्का या राज्यांची मतदारसंघनिहाय पद्धत सगळ्याच राज्यांनी उचलली, तर अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतला अन्याय संपेल का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते नाही. उलट तो वाढेल.

तुमची चीड मात्र अगदी रास्त आहे. अध्यक्ष थेट लोकांच्या मतांवर नाही, तर राज्यांना वाटून दिलेल्या 538 इलेक्टोरल मतांवर निवडला जातो, आणि जवळपास सगळी राज्यं आपली सगळी मतं राज्यात पहिल्या आलेल्यालाच देतात. 2024 मध्ये कॅलिफोर्नियात ट्रम्प यांना 60 लाखांहून जास्त मतं पडली, तरी तिथली 54च्या 54 इलेक्टोरल मतं हॅरिस यांना गेली. टेक्ससमध्ये हॅरिस यांच्या लाखो मतदारांचं तेच झालं, तिथली सगळी 40 मतं ट्रम्प यांना. न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींच्या दारातही प्रचार फिरकत नाही, कारण तिथला निकाल गृहीत धरलेला असतो.

मेन (1972 पासून) आणि नेब्रास्का (1992 पासून) दोन मतं राज्यात पहिल्या आलेल्याला देतात आणि उरलेली प्रतिनिधीगृहाच्या (संसदेच्या खालच्या सभागृहाच्या) एकेका मतदारसंघातल्या विजेत्याला. ऐकायला छान वाटतं. पण त्या मतदारसंघांच्या सीमा आखतं कोण? बहुतेक राज्यांत तिथलं विधिमंडळ, म्हणजे तिथे सत्तेवर असलेला पक्ष. 2012 चंच बघा. ओबामांना देशभरात जवळपास 50 लाखांची आघाडी होती आणि ते 332 विरुद्ध 206 असे जिंकले. हीच पद्धत सगळीकडे असती तर त्यांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी 274 मतं मिळवून अध्यक्ष झाले असते! पेनसिल्व्हेनिया ओबामांनी जिंकलं होतं, पण तिथल्या 18 पैकी 13 मतदारसंघांत रॉम्नी पुढे होते. सीमा आखणाऱ्यांच्या हाती अध्यक्षपदही द्यायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

मतांच्या टक्केवारीनुसार वाटप याहून बरं. पण तिसऱ्या पक्षाला थोडी मतं गेली तरी कोणालाच बहुमतासाठी लागणारी 270 मतं मिळणार नाहीत. मग निवड प्रतिनिधीगृहात जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत, म्हणजे चिमुकल्या लोकसंख्येचं वायोमिंग आणि अवाढव्य कॅलिफोर्निया सारखेच.

खरी अडचण अशी की वाटप कसं करायचं हे राज्यघटनेनं प्रत्येक राज्याच्या विधिमंडळावर सोडलंय. राज्यात वरचढ असलेला पक्ष एकट्यानं आपली मतं का वाटून देईल? 1800 च्या अध्यक्षीय निवडणुकीत जेफरसन यांच्या बाजूच्या व्हर्जिनियानं मतदारसंघ पद्धत सोडून सगळी मतं एकगठ्ठा केली. त्यांचे प्रतिस्पर्धी अ‍ॅडम्स यांच्या मॅसॅच्युसेट्सनं लगेच निवड विधिमंडळाकडे घेतली. 2024 मध्येही ओमाहा शहराच्या मतदारसंघाचं एक मत ट्रम्प यांच्या हातून जाऊ नये म्हणून नेब्रास्कावर नियम बदलायचा दबाव आला होता. माइक मॅकडॉनेल या तिथल्या विधिमंडळातल्या रिपब्लिकन सदस्यानं नकार दिला म्हणून तो टळला.

म्हणून मी राज्यांमधल्या राष्ट्रीय मतमोजणी कराराच्या बाजूनं आहे. सामील राज्यांची बेरीज 270 झाली की ती सगळी आपली मतं देशभरात सर्वाधिक मतं मिळवणाऱ्याला देतील. त्याआधी करार लागू होत नाही, त्यामुळे एकट्या राज्याचं नुकसान नाही. 2007 मध्ये मेरीलँडपासून सुरुवात झाली, 2024 मध्ये मेन आल्यावर बेरीज 209 झाली. या कराराला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मंजुरी लागते का, यावर कोर्टात भांडण होणार हे नक्की. पण 1969 मध्ये प्रतिनिधीगृहानं थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती 338 विरुद्ध 70 मतांनी मंजूर केली होती आणि तरीही ती सिनेटमध्ये अडली, त्यामुळे घटनादुरुस्तीच्या वाटेवर माझी फारशी भिस्त नाही.

तुम्ही मिशिगन किंवा पेनसिल्व्हेनियात मतदार असाल तर या करारासाठी वॉशिंग्टनला नाही, आपल्या राज्याच्या विधिमंडळातल्या प्रतिनिधीला पत्र लिहा. हा निर्णय त्यांच्याच हातात आहे.