अशांती राज्यात राजाचा मुलगा राजा का होत नाही? आणि परदेशी पाहुण्यांना मिळणारी 'चीफ' ही पदवी वंशपरंपरागत असते का?

घानातल्या अशांती लोकांत कूळ आईकडून चालतं. राजाचा मुलगा त्याच्या आईच्या कुळातला, म्हणून बापाची गादी त्याला मिळत नाही. भाऊ किंवा भाचा चालतो. तोही आपोआप नाही. राजमाता, म्हणजे असांतेहेमा, नाव सुचवते आणि सरदार ते मान्य करतात. (राजमाता म्हणजे राजाची आईच असते असं नाही, बहीणही असू शकते.) सध्याचे राजे ओसेई तुतू दुसरे १९९९पासून गादीवर आहेत.

आपण गादी म्हणतो, तिथे लाकडी स्टूल असतं. मानाच्या सरदाराच्या मृत्यूनंतर त्याचं स्टूल काळं करून पूर्वजांच्या खोलीत ठेवतात. साऱ्या अशांतींचं प्रतीक असलेल्या सोन्याच्या स्टुलावर मात्र राजाही बसत नाही. १९०० साली इंग्रज गव्हर्नरने ते मागितलं आणि एजिसू इथली राजमाता 'या आसांतेवा' (हे तिचं नाव) हिच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटलं.

पाहुण्यांना मिळतं ते बहुधा 'न्कोसुओहेने', म्हणजे विकासप्रमुखपद. शाळा, दवाखान्याला मदत करणाऱ्याचा हा सन्मान. तो मुलाबाळांकडे जात नाही.