गोळ्यांनी गर्भपात करताना काय काय होतं?

सातवा आठवडा आहे, डॉक्टरांनी गोळ्या सांगितल्यात आणि भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापुरातच यातून गेलेय.

पहिल्या गोळीनं मला काहीच झालं नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसही केलं. खरा त्रास नंतरच्या गोळ्यांनी. दोन-तीन तासांत पाळीपेक्षा जोरात कळा, थंडी, जुलाब, रक्ताच्या गाठी. राजारामपुरीतल्या खोलीत गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून फरशीवरच पडले होते. चार-पाच तासांनी कळा ओसरल्या. थोडंथोडं रक्त दोनेक आठवडे जातं. पण तासाला दोन पॅड असे सलग दोन तास भिजले, किंवा दुसऱ्या दिवशीही ताप राहिला, तर थेट दवाखाना गाठा.

मनाचं म्हणाल तर आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि आठवड्यानं रंकाळ्यावर भेळ खाताना एकदम रडू आलं. दुःख झालंच पाहिजे असंही काही नाही हं.

१८ पूर्ण असतील तर १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यानं फक्त तुमची संमती लागते, नवऱ्याची सही नाही. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका; गर्भ गर्भाशयात नसून बाजूच्या नळीत असेल तर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, जिवावर बेततं. आणि दोन आठवड्यांची फेरतपासणी चुकवू नका.