घड्याळ आणि बांगड्या

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

तुझी कालवड चवथीच्या सुमारास विणार असं कळलं. पहिलटकरीण, त्यात जर्सीचं रेतन, म्हणजे वासरू अंगाने थोराड असू शकतं. आपली श्वेतकपिला, म्हणजे गोव्याची देशी गाय, असती तर मी हे पत्र लिहायला बसलोही नसतो.

पाणमोट फुटली की ती वेळ गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिही. हसू नकोस. पावसात वीज गेलेली असते, गाय कण्हत असते, आणि दहा मिनिटं झाली की तास हे कुणालाच सांगता येत नाही. तासाभरात काम पुढे सरकलं नाही तर डॉक्टरांना फोन लाव. वाळपईहून माणूस यायचा, वाटेत एखादं झाड आडवं पडलेलं असायचं. मोकळी झाली तर ‘येऊ नका’ म्हणून पुन्हा फोन करता येतो.

तोवर तिच्या मागे उगाच उभी राहू नकोस.

आत हात घालायची वेळ आलीच तर आधी बांगड्या काढ, नखं काप, खांद्यापर्यंतचा हातमोजा चढव (ब्रुसेलोसिस हा गाभ पाडणारा जंतूंचा रोग गायीकडून माणसालाही होतो) आणि लिक्विड पॅराफिन सढळ हाताने लाव. तुझा हात लहान आहे, इथे तोच कामाचा. दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक लागलं की निम्मी काळजी मिटली. खुरांचे तळवे वर असतील तर बहुधा मागचे पाय. सांधे चाचपून बघ: खुराच्या वरचे दोन्ही सांधे एकाच बाजूला वाकले तर पुढचा पाय, उलटसुलट वाकले तर मागचा.

दोन पाय लागले पण नाक नाही, तर ओढायचं नाही. हे मी चूक करून शिकलो. तेव्हा पाय दिसले म्हणून शेजारचे तिघे बोलावले, दोर लावला आणि जोर केला. डोकं आत बरगड्यांकडे वळलेलं होतं. आम्ही जितकं ओढत होतो तितकं ते जास्त अडकत होतं. गाय वाचली, पाडी गेली. कळ थांबल्यावर वासरू आधी मागे ढकलून डोकं सरळ करायचं असतं. ते जमत नसेल तर हात बाहेर काढ आणि डॉक्टरांची वाट बघ. कळा वाढवायचं इंजेक्शन दे म्हणणारा कुणीतरी भेटेलच. वासरू अडलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं.

सगळं सरळ असेल तर तिच्या कळेबरोबर ओढ, कळ थांबली की थांब. एक पाय थोडा, मग दुसरा, म्हणजे खांदे एकेक करून सुटतात. डोकं बाहेर आलं की दिशा खाली, तिच्या मागच्या खुरांकडे. दोन माणसं पुरेत. तिसऱ्याला चहा करायला पाठव.

वासराचं नाक पूस, नाकपुडीत गवताची काडी फिरव, शिंकलं की पोटावर बसव. नाळेला आयोडीन. वार पडायला वेळ लागला तर लोंबणाऱ्या वारेला दगड बांधू नकोस, हाताने ओढूही नकोस. चोवीस तास झाले तर डॉक्टर बघतील.

चीक पहिल्या दोन तासांत पाज, दोन-तीन लिटर तरी. तुझी आजी खरवसाचं भांडं घेऊन गोठ्याच्या दारात येईल. वासराचं पोट भरेपर्यंत तिला आत घेऊ नकोस. नंतर उरला तर थोडा इकडे पाठव, वेलची जास्त घालून.